करडेसरांनी सरकवलेलं घर

"घर बदलणं ही मुळात अडचणच नाही! ते निव्वळ स्थानांतरण आहे. आकृती उचलायची, तिचे सगळे बिंदू सारख्याच अंतरानं, सारख्याच दिशेनं सरकवायचे, संपलं! त्यात रडण्यासारखं काय आहे?"

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, कसबा पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत, हातात चहाचा कप घेऊन महिपतराव करडे यांनी हे जाहीर केलं. ऐकायला दोनच माणसं होती. एक त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आणि दुसरी सुशीलाबाईंची धाकटी बहीण श्यामला. रडत दोघींपैकी कोणीच नव्हतं. श्यामलाबाईंना सर्दी झाली होती.

करडेसरांनी उभी हयात शाळेत भूमिती शिकवण्यात घालवली होती. आलेखकागदावर त्रिकोण इकडून तिकडे सरकवण्याचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. "उजव्या पायाचा बूट कसब्यातून स्वारगेटला सरकवला, तर तो तिथं जाऊन डाव्या पायाचा होतो का?" असं ते गरजून विचारत. वर्ग ओरडे, "नाही, सर!" "का नाही?" मागच्या बाकावरून उत्तर येई, "सर, तोवर तो चोरीला जातो!" त्यावर ते डस्टर फेकत. डस्टर जिथं पडे तिथले निर्देशक फळ्यावर मांडायला लावत. असा हाडाचा शिक्षक!

आता कारण असं घडलं होतं की त्यांची मुलगी नम्रता कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. त्या काळी पुण्यात दर तिसऱ्या घरातलं पोर कॉम्प्युटरच्या कंपनीत लागत होतं आणि उरलेल्या दोन घरांतली माणसं, त्याचं नक्की काम काय असतं, हे एकमेकांना विचारत होती. नम्रतानं आई-बाबांसाठी कर्वेनगरला फ्लॅट घेतला आणि कंपनीनं लगेच तिला अमेरिकेला पाठवून दिलं. घर मागं राहिलं, घर लावायचं काम बाबांकडे आलं.

सगळे खूश होते. फक्त सुशीलाबाई गप्प होत्या.

गेल्या काही वर्षांत साखरेनं त्यांची नजर खात आणली होती. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना धुकं दिसे. आवाजावरून त्या माणसं ओळखत. पण कसब्यातल्या त्या दोन खोल्यांत त्या अशा वावरत, की पाहुण्याला दोन-दोन तास पत्ता लागत नसे. उंबरा ओलांडला की डावीकडे पलंग, समोरच्या भिंतीशी डाव्या कोपऱ्यात देवघर, उजव्या हाताला लोखंडी कपाट, कपाटाला वळसा घालून उजवीकडेच स्वयंपाकघराचं दार, आत शिरताच नळ. सगळं पायांना पाठ!

श्यामलाबाई गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "इथं मला दिसत नाही, हे माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. तिथं सगळ्यांना कळेल."

महिपतरावांनी कप खाली ठेवला.

"सुशीला," ते म्हणाले, "तू नव्या घरात पाऊल टाकशील आणि हात पुढे न धरता नळापाशी जाऊन पाणी घेशील. नाही घेतलंस, तर मी गणित शिकवलंच नाही असं समज!"

"मी कुठं म्हणतेय शिकवलंत म्हणून," सुशीलाबाई म्हणाल्या. पण पदरानं डोळे पुसून म्हणाल्या.

मंडळी, इथून पुढं जे झालं त्याला माणसाचा निर्धार कारणीभूत आहे. आळशी माणसाच्या हातून एवढा गोंधळ होऊच शकत नाही.

दुसऱ्याच दिवशी महिपतराव टेप घेऊन साइटवर गेले. तिथं दिग्विजय नावाचा तरुण इंजिनिअर होता. यवतमाळकडचा, गोड बोलणारा.

"काका, तुमचा तीनशे दोन. आत फरशीचं काम सुरू आहे, ताबा दसऱ्याला. पण शेजारचा तीनशे एक आमचा सँपल फ्लॅट आहे. तो बघून घ्या ना. अगदी तसाच!"

महिपतरावांनी तीनशे एक पाहिला आणि त्यांना गहिवरून आलं. उंबऱ्यातून समोर बघावं तर समोरच्या भिंतीत उजव्या टोकाला स्वयंपाकघराचं दार! डावा कोपरा देवघरासाठी मोकळा! डावीकडे पलंगापुरती कोरी भिंत! उजव्या भिंतीला अलीकडे न्हाणीघर आणि पलीकडे कपाटापुरती जागा! डाव्या भिंतीच्या टोकाला, कसब्यात जिथं खिडकी होती, तिथं गॅलरी. जणू कोणी कसब्यातलं घर इस्त्री करून इथं आणून ठेवलं होतं. आत एक बेडरूम जास्तीची होती. तिला त्यांनी 'बाकी' धरलं.

ते दोन तास गुडघ्यांवर रांगत होते. उंबऱ्याच्या मधोमध आरंभबिंदू धरला. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. मग कसब्यातलं घर मोजलं. पलंगाचे चार कोपरे, कपाटाचे चार कोपरे, देवघराचे, मांडणीचे, शिवणयंत्राचे, एवढंच काय, पायपुसण्याचेसुद्धा! रोज संध्याकाळी सुशीलाबाई भाजी निवडत आणि महिपतराव त्यांच्याभोवती टेप ओढत.

"पाय उचल."

"का? माझे पण निर्देशक काढताय?"

"तू चल राशी आहेस. तुझं नंतर बघू."

कसब्यात फरशी एक फुटी, कर्वेनगरला दोन फुटी. फरश्या मोजून मांडणारा इथं हमखास आपटला असता! महिपतराव आपटले नाहीत. त्यांनी सगळं फुटांत काढलं. "पोरं नेमकी इथंच फसतात. एककं!" असं ते तीन दिवस भेटेल त्याला सांगत होते. एकदा दूधवाल्यालाही सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून माप नीट भरून द्यायला सुरुवात केली.

मधेच नम्रताचा अमेरिकेहून फोन आला, "बाबा, फ्लॅटचा प्लॅन मेल केलाय, बघून घ्या." महिपतराव सायबर कॅफेत गेले आणि प्लॅन छापून आणला. पाहतात तर स्वयंपाकघर डावीकडे!

महिपतराव हसले. छापणाऱ्यानं कागद उलटा घातलेला दिसतो! त्यांनी तो कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि मागच्या बाजूनं पाहिला. स्वयंपाकघर उजवीकडे आलं. सगळं जुळलं. अक्षरं तेवढी उलटी दिसत होती. पण भूमितीला अक्षरांचं काय!

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. बरोबर मुकादम कोंडीराम आणि त्याचा जोडीदार ज्ञानदेव. दोघंही वाशीमकडचे, दोघंही बैलासारखे मजबूत. बेत असा ठरला की सुशीलाबाई श्यामलाकडे थांबतील आणि घर लागलं की बाराच्या आत कलश घेऊन रिक्षानं येतील. देव महिपतरावांनी स्वतःच्या मांडीवर घेतले आणि आलेख शर्टाच्या आत, छातीशी.

"मास्तर, घाई करू नोका, सामान सावकाश लावू," कोंडीराम वाटेत म्हणाला.

"सावकाश काय? लावायचंच नाहीये. फक्त सरकवायचंय!"

कोंडीरामनं टेम्पोतल्या कपाटाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या दंडाकडे पाहिलं.

तीनशे दोनचं कुलूप उघडलं. महिपतराव उंबऱ्यात गुडघ्यावर बसले ते बसलेच! डोकं आलेखात, नजर फरशीवर, एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू. भिंतींकडे बघायची त्यांना गरजच नव्हती. भिंती पाठ होत्या. खोलीभर फुल्या पडल्या आणि सामान वर येऊ लागलं.

"पलंग! डावीकडे, त्या चार फुल्यांवर!"

पलंग बसला.

"मास्तर," कोंडीराम म्हणाला, "बसला जी बरोब्बर. पर त्या न्हाणीघराचं दार उघडत नाई आता."

"आत्ता कुणाला उघडायचंय?"

"आत्ता नाई जी. पर कधी तं उघडा लागंल ना!"

"पुढचं घ्या. देवघर, समोर डाव्या कोपऱ्यात!"

"तिथं तं सयपाकघराचं दार हाय."

"फुली आहे ना?"

"फुली हाय."

"मग ठेवा!"

"ठेवतो. पर मंग सयपाकघरात जाचं कसं?"

"पाया पडायचं आन् रांगत जाचं," ज्ञानदेव म्हणाला आणि हवा खायला गॅलरीत गेला.

ही त्याची चूक झाली. कारण पुढचं कपाट होतं. कोंडीरामनं टेम्पोच्या ड्रायव्हरला हाताशी धरून ते कपाट उजवीकडच्या फुल्यांवर आणून ठेवलं. फुली न् फुली जुळली! आणि कपाटामागून आवाज आला, "ओ मुकादम! मी हितं राह्यलो ना!"

मग मात्र महिपतरावांनी मान वर केली.

न्हाणीघर पलंगानं बंद झालं होतं. स्वयंपाकघराच्या दारात देव होते. गॅलरीच्या दारात कपाट होतं आणि गॅलरीत ज्ञानदेव. त्यांनी आलेख पाहिला. फुल्या पाहिल्या. एकही बिंदू इंचभर हललेला नव्हता! गणितात चूक नाही म्हटल्यावर चूक कुठं असणार?

"घर चुकलंय!" महिपतराव म्हणाले.

त्याच वेळी खिशातला मोबाइल वाजला. नम्रतानं जाताना घेऊन दिला होता. तो वाजला की महिपतराव उभे राहत.

"बाबा, पोचलात? कसं आहे घर?"

"घर चुकलंय."

"म्हणजे? दुसऱ्याच घरात शिरलात?"

"घर आपलंच आहे. पण उलटं बांधलंय."

"बाबा, मी प्लॅन पाठवला होता ना?"

"तो मी बघितला. सायबर कॅफेवाल्यानं उलटा छापला होता."

पलीकडे अमेरिकेत कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाबा, त्याच्यावर किचन कुठल्या बाजूला होतं?"

"मागून बघितलं तर उजवीकडे."

"बाबा... मागून का बघितलं?"

"आवाज तुटतोय तुझा," महिपतराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तो तोडला.

खाली दिग्विजय सकाळपासून ताबे देऊन घामाघूम झाला होता. एकाचा नळ गळत होता, एकाला बेल हवी होती, एक आजी पार्किंगमध्ये तुळस लावायची जागा मागत होत्या. त्यात महिपतराव आलेख फडकावत आले.

"तुम्ही सांगितलंत अगदी तसाच आहे!"

"तसाच आहे ना काका. फक्त आरशातला. दोन फ्लॅटच्या मधली भिंत एक. तिच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडचे नळ असतात. म्हणून एकाचं उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे. सगळीकडे असंच बांधतात."

"मी उभी हयात परावर्तन शिकवलंय!"

"मग तर तुम्हाला माहीतच असंल."

हा घाव वर्मी लागला. पण महिपतराव हटले नाहीत. डोळ्यांपुढं सुशीलाबाई दिसत होत्या. कलश घेऊन रिक्षात बसलेल्या. त्या येणार, पाऊल टाकणार, उजवीकडे वळणार आणि सगळ्यांदेखत जाऊन कपाटावर आपटणार!

"ते मला सांगू नका. मला स्वयंपाकघर उजवीकडे पाहिजे. बाराच्या आत!"

दिग्विजयनं दोन्ही हात जोडले. "असं करा ना काका, तुमाले तीनशे एकच पसंत आहे ना? मग तिथंच राहायला जा!"

आता पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला हा टोमणा आहे हे कळायला नको? एरवी कळलं असतं. पण दिग्विजयला पुण्यात येऊन चारच वर्षं झाली होती. टोमणा पुण्याचा शिकला होता, पण आवाजातला गोडवा वऱ्हाडचाच राहिला होता. त्या गोडव्यात महिपतराव फसले. त्यांना वाटलं, काय देवमाणूस आहे!

"आभारी आहे!" ते म्हणाले आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं पळाले.

तीनशे एकचं दार झाडलोट करायला उघडंच ठेवलं होतं. "सगळं उचला! शेजारी!" महिपतरावांनी हुकूम सोडला. पहिल्यांदा कपाट निघालं आणि मागून ज्ञानदेव सुटला. मग पलंग, मग देवघर. आणि काय सांगू मंडळी, जे बसलं ते असं बसलं की पाहत राहावं! पलंग कोऱ्या भिंतीला. देव कोपऱ्यात. कपाट स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे, जिथल्या तिथं! मांडणीवर भांडी, नळापाशी फुलपात्र. महिपतराव पायपुसणं फुल्यांवर ठेवून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढं देखणं उत्तर त्यांना उभ्या हयातीत एकाही पोरानं काढून दाखवलं नव्हतं.

त्यांनी देवांना फूल वाहिलं, उदबत्ती लावली. मागून आवाज आला, "झाली का पूजा?"

दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. हातात कलश. मागं एक गुरुजी, त्यांच्या हातात समिधांची पिशवी.

"झाली. या ना! आपण?" महिपतराव हसतमुखानं म्हणाले.

"मी दुर्गाबाई लिमकर. आणि हे माझं घर. सँपल म्हणून दाखवत होते तेव्हाच घेतलं."

टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकून दुर्गाबाई निवृत्त झाल्या होत्या. त्या ओरडत नसत. ओरडणारी माणसं त्यांनी पुष्कळ ऐकली होती.

"काहीतरी गैरसमज होतोय," महिपतराव म्हणाले.

"होय, पण तो पलंगासकट झालाय. नवरात्रात घटस्थापना ऐकली होती. गृहस्थापना आजच बघितली."

"हा फ्लॅट मला इंजिनिअरनं दिला. आत्ताच. खाली."

"हो का? मग वरचा मजला पण मागून बघा. चांगला दिसतोय तो."

"यजमान कोण?" गुरुजींनी मधेच विचारलं. "मला अजून दोन घरं आहेत."

"कोंडीराम, पायपुसणं हलवू नका!" महिपतराव ओरडले, कारण कोंडीरामनं, हवा कुठल्या दिशेनं वाहतेय ते ओळखून, सामान उचलायला सुरुवात केली होती. मग ते दुर्गाबाईंकडे वळले. त्यांना सगळं समजून चुकलं होतं. पण माघार घ्यायची तरी कशी? त्यांनी एका दमात सांगून टाकलं. कसबा, साखर, नजर, वचन, नळ. "फक्त एक तास द्या, बाई! तिला एकदा इथं..."

तेवढ्यात जिन्यावर श्यामलाबाईंची शिंक ऐकू आली.

सुशीलाबाई वर आल्या. हिरवी नऊवारी, हातात कलश. श्यामलाबाईंनी त्यांना आधी बरोबर घराकडे, म्हणजे रिकाम्या तीनशे दोनकडे, वळवलं होतं. पण शेजारून ओळखीच्या उदबत्तीचा वास आला आणि सुशीलाबाई बहिणीचा हात सोडून तिकडे वळल्या. दुर्गाबाईंच्या जवळून पुढे झाल्या. उंबऱ्याला पाय लागताच थांबल्या, उजवं पाऊल आत टाकलं.

गुरुजींनीही घड्याळ बघायचं थांबवलं.

सुशीलाबाई चालू लागल्या. कलश देवांपुढं ठेवला, बरोबर जिथं ठेवायचा तिथं. मग उजवीकडे वळल्या. हात पुढे नाही, चाचपणं नाही. कपाटापाशी आल्यावर सवयीनं उजवा कोपर अंगाशी घेतला, वळसा घातला आणि आत गेल्या. नळाचा आवाज आला. फुलपात्र भरून बाहेर आल्या आणि जिना चढताना ऐकलेल्या आवाजावरून दुर्गाबाईंची जागा आधीच हेरली होती म्हणून थेट त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"दारात काय उभ्या राहिलात? बसा ना! घ्या, पाणी घ्या. शेजारी राहता वाटतं?"

महिपतरावांनी डोळे मिटून घेतले. वचन पाळलं गेलं होतं. तंतोतंत! फक्त दुसऱ्याच्या घरात.

दुर्गाबाईंनी पाणी घेतलं. सावकाश प्यायल्या.

"पाणी गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्याच नळाचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी शेजारी राहत नाही. तुम्ही राहता. पण बसा. दमून आलात. गुरुजी, तुम्ही दोन घरं करून या. माझ्याकडे आज पाहुणे आहेत."

पुढची हकीगत सुशीलाबाईंना सांगायला सगळे एकमेकांना खुणावू लागले. शेवटी महिपतराव पलंगावर, म्हणजे स्वतःच्याच पलंगावर, त्यांच्या शेजारी बसले. वर्गात एखादं गणित फळ्यावर चुकलं, तर ते कधी कबूल करत नसत. 'मुद्दाम चुकवलं, बघत होतो कुणाचं लक्ष आहे' म्हणत. आज तसं म्हणता आलं नाही.

"सुशीला, आपलं घर शेजारी आहे. ते उलटं आहे. सगळं डावीकडे. मी... मी नुसतं सरकवत बसलो."

"मग आता?"

महिपतरावांनी आलेख काढला. लाल पेन्सिल काढली. बराच वेळ त्याकडे बघितलं आणि मग कपाळावर हात मारला. किती सोपं होतं! मागच्या-पुढच्या अंतरांना हातच लावायचा नाही. आडव्या अंतरांची फक्त चिन्हं बदलायची! अधिकाचं उणे, उण्याचं अधिक. "एका चिन्हाचा प्रश्न होता ग! उणे!"

"एवढंच होतं, तर ह्यांना तीन वेळा कपाट का उचलायला लावलंत?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"चौथ्यांदा उचलाचं हाय अजून, मावशी," कोंडीराम दारातून म्हणाला.

सामान परत निघालं. ह्या वेळी दुर्गाबाई स्वतः देखरेखीला उभ्या राहिल्या, मुख्यतः आपलं काही चुकून जाऊ नये म्हणून. पलंग उजवीकडे गेला, न्हाणीघर उघडलं, देवांना कोपरा मिळाला. गॅलरी मोकळी राहिली. ज्ञानदेवनं खात्री होईपर्यंत तिकडे पाऊल टाकलं नाही.

मग सुशीलाबाई आल्या. उंबऱ्यात थांबल्या. महिपतराव त्यांच्या कोपराला धरायला पुढे झाले, तशी त्यांनी हात सोडवून घेतला. डावा तळहात भिंतीला टेकवला आणि भिंतीबरोबर चालू लागल्या. दार, भिंत, कपाट. कपाटापाशी थांबल्या. त्याची मूठ चाचपली. हसल्या.

"हे इकडे आलं?"

"हो. डावीकडे."

"चांगलं झालं. इतकी वर्षं ह्याच्या मुठीवर उजवा कोपर आपटत होते. आता डाव्याला पण कळेल!"

महिपतराव उभेच राहिले. "आपटत होतीस? कधी सांगितलं नाहीस!"

"आपटलं की रोज 'आई गं' म्हणत होते. तुम्हाला वाटायचं, मी देवीचं नाव घेतेय. अहो, घराचा कोपरा न् कोपरा मोजलात. ज्याला लागतं त्याला विचारलंत का?" त्या थांबल्या. "तुमचं ते सरकवणं एवढं हौसेचं आहे ना? मग हे कपाट एक वीत मागं सरकवा!"

कोंडीरामनं महिपतरावांकडे पाहिलं. महिपतरावांनी आलेखाकडे पाहिलं. मग आलेखाची घडी करून खिशात घातली आणि स्वतः कपाटाला खांदा लावला. कपाट एक वीत मागं गेलं. वळलं नाही, उलटलं नाही, जसंच्या तसं सरकलं. निव्वळ स्थानांतरण! त्या दिवसातलं एकमेव बिनचूक.

दिवाळीपर्यंत सुशीलाबाईंना ते घर असं पाठ झालं की फराळाला आलेल्या माणसांना काही कळत नव्हतं. दुर्गाबाईही आल्या. खुर्चीवर बसतात न बसतात तोच त्यांना ठसका लागला.

"थांबा, थांबा! मी पाणी आणतो!" महिपतराव उत्साहानं उठले. सबंध घराचे निर्देशक त्यांना तोंडपाठ होते. ते झपाझप चार पावलं पुढं गेले, उजवीकडे वळले, दार ढकललं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर आकाशकंदील हलत होता.

मागून, स्वयंपाकघरातून, सुशीलाबाईंचा आवाज आला.

"अहो, उणे!"